आपली केस नसताना

२०२५ ची कोजागिरी आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाने नेहमीसारखी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात साजरी केली. चंद्र बाहेर पार्किंग लॉटवर आणि आम्ही आत ट्यूबलाइटखाली. मसाला दुधाचा दुसरा कप हातात येईपर्यंत गप्पांची गाडी एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर, आली होती. दोनच आठवड्यांपूर्वी, १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी, नव्या एच-वन-बी अर्जामागे १ लाख डॉलर भरावे लागतील असं फर्मान निघालं होतं. अंमल रविवारपासून. सुटीवर भारतात गेलेली माणसं मिळेल त्या तिकिटाने परत धावली, सॅन फ्रान्सिस्कोत विमानात बसलेले प्रवासी उतरून गेले, आणि मग शनिवारी खुलासा आला की आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही.

टेबलावर तीन पक्ष पडले. पहिला म्हणाला, आपण इथे पाहुणे. पाहुण्याने घरधन्याच्या कारभारात नाक खुपसू नये. दुसरा म्हणाला, हे सगळं बेकायदा घुसणाऱ्यांमुळे झालं, सुक्याबरोबर ओलं जळतंय. तिसरा पक्ष सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत जोरात होता: आम्ही डॉक्टर, आम्ही इंजिनिअर, भरभक्कम कर भरतो, मोठमोठ्या कंपन्या आमची माणसं चालवतात, आणि आमच्याशी असं वागतात? गंमत अशी की त्या टेबलावरच्या अकरा जणांपैकी नऊ जण अमेरिकेचे नागरिक होते. ते १ लाख डॉलर त्यांच्यापैकी कुणालाच भरायचे नव्हते. तरी नागरिक म्हणून एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही. मी दूध ढवळत बसलो होतो.

हा वाद तिन्ही बाजूंनी चुकीचा चाललाय. स्थलांतराचा एखादा नियम अन्यायी असेल, तर त्याविरुद्ध आधी बोलायचं नागरिकांनी, म्हणजे ज्यांच्यावर तो लागू होत नाही त्यांनी. आणि बोलायचं ते ‘आम्हाला वगळा’ असं म्हणायला नव्हे, नियमाला हरकत घ्यायला. सवलत मागणं वेगळं आणि हरकत घेणं वेगळं. आपल्या समाजाला पहिलं चांगलं जमतं, दुसऱ्याची सवय नाही.

पाहुण्याची उपमा आधी निकालात काढू. पाहुण्याला जूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसण्याचं, पत्र येत नाही. पाहुणा हात वर करून या देशाच्या राज्यघटनेची शपथ घेत नाही. आपण ती घेतली, नंतर बाहेर येऊन छोटा झेंडा हातात धरून फोटो काढला आणि घरी येऊन श्रीखंड खाल्लं. ज्यांना खरोखर पाहुण्यासारखं जपून राहावं लागतं ते वेगळे आहेत. मार्च २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शिकणाऱ्या एका तुर्की विद्यार्थिनीला तोंड झाकलेल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उचललं. विद्यापीठाच्या वृत्तपत्रात इतरांबरोबर एक लेख लिहिणं, एवढंच तिच्या खात्यावर होतं. व्हिसावरच्या माणसाला भीती वाटते ती भ्याडपणाने नाही, हिशेबाने. त्याच्या एका वाक्याची किंमत त्याची नोकरी, घर, मुलांची शाळा एवढी असू शकते. माझ्या वाक्याची किंमत काय? फार तर कोजागिरीच्या टेबलावर कुणीतरी तोंड वाकडं करेल. ज्याला बोलायला सगळ्यांत स्वस्त पडतं त्यानेच गप्प बसायचं आणि ज्याला सगळ्यांत महाग पडतं त्याने बोलावं म्हणून वाट पाहायची, याला सभ्यपणा कसं म्हणायचं?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा. कोण आत यावं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. मान्य, आणि हातचं न राखता मान्य. सीमा नसलेला देश मला कल्पनेतही नीट दिसत नाही. पण हक्क असणं ही वादाची सुरुवात आहे, शेवट नाही. कर लावण्याचा हक्क सरकारला असतोच, म्हणून प्रत्येक कर न्याय्य ठरतो का? नियम तपासायचे निकष आपल्याला चांगले माहीत आहेत, कारण रोजच्या व्यवहारात आपण तेच लावतो. डाव अर्ध्यावर असताना नियम बदलला का? माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टीवरून त्याला मागे ठेवलं का? बापाच्या कागदासाठी पोराला धरलं का?

या निकषांवर ग्रीन कार्डाची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, रांग लावून पाहा. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात, आणि त्यांत बायकोमुलंही मोजली जातात. चौघांचं कुटुंब म्हणजे चार कार्डं. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली ७ टक्के, म्हणजे ९,८०० च्या आसपास. कुणाची वापरायची राहिली तर थोडी जास्त. देश म्हणजे नागरिकत्वाचा नव्हे, जन्माचा. साताऱ्यात जन्मून पुढे कॅनडाचा नागरिक झालेला माणूस या रांगेत भारतीयच राहतो. आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, भारताची एकशे चाळीस कोटींच्या पुढे. दोघांना वाटा सारखा. परिणाम असा की २०२५ च्या अखेरीस, मास्टर्सवाल्यांच्या गटात, २०१३ साली अर्ज केलेल्या भारतीयांचा नंबर लागत होता. दरम्यान मूल एकवीस वर्षांचं झालं की बहुतेक वेळा आईबापांच्या अर्जातून गळतं. माझ्या मित्राची मुलगी चार वर्षांची असताना इथे आली. तिला मराठी येतं ते पुलंच्या कॅसेटपुरतं. एकविसाव्या वाढदिवशी ती ‘परदेशी विद्यार्थिनी’ झाली, आणि पदवीनंतर कुणी व्हिसा दिला नाही तर तिने ‘परत’ जावं अशी अपेक्षा आहे. परत कुठे? आजीच्या पेठेतल्या दोन खोल्यांत?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती कुणी सांगत नाही. ही देशनिहाय मर्यादा दुष्टपणातून आलेली नाही. १९२४ च्या कायद्याने उत्तर युरोपच्या गोऱ्यांना मोठा कोटा दिला होता आणि आशियाला जवळजवळ दार बंद केलं होतं. १९६५ च्या कायद्याने ती वंशाची उतरंड मोडली आणि सगळ्या देशांना एका मापाने मोजायचं ठरवलं. तेव्हा ते न्यायाचं पाऊल होतं. मर्यादा काढली तर काही वर्षं बहुतेक कार्डं भारतीयांनाच जातील आणि इराण, ब्राझील, नायजेरियाच्या माणसाची रांग लांबेल, हा आक्षेपही खोटा नाही. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मर्यादा काढण्याचं विधेयक मंजूर केलं. सिनेटने २०२० च्या डिसेंबरमध्ये वेगळ्या रूपात केलं. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि ते मेलं. त्या काळात आपली माणसं इतर देशांच्या माणसांशी ऑनलाइन ज्या भाषेत भांडत होती ती आठवली तरी लाज वाटते. भाकरी लहान का, हे कुणी विचारेना; माझा तुकडा मोठा कसा, यावरच सगळं. १,४०,००० हा आकडा १९९० साली ठरला. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. तो आकडा का वाढत नाही हा प्रश्न भारतीयाचा आहे तितकाच इराण्याचाही. पण तो विचारायचा तर ‘आम्ही भारतीय’ असं म्हणून चालत नाही, ‘आम्ही या देशाचे मतदार’ असं म्हणावं लागतं.

सुक्याबरोबर ओलं जळण्याच्या मुद्द्यात थोडं खरं आहे. जो बारा वर्षं कागद जपून, दर वेळी वकिलाचे पैसे भरून, नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधण्याच्या धास्तीत जगला, त्याला आडवाटेने आलेल्याचा राग येणार. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण ‘रांगेत या’ असं सांगताना रांग आहे तरी कुठे, हे पाहायला हवं. अमेरिकन नागरिकाच्या मेक्सिकोतल्या भावाबहिणीला कायदेशीर यायचं असेल तर २०२५ मध्ये २००१ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. चोवीस वर्षं! कारण तीच देशनिहाय मर्यादा. म्हणजे ज्या मेक्सिकनाला आपण रांग मोडणारा म्हणतो तो आणि आपण एकाच नियमाखाली चेंगरलेले आहोत. ‘आमचे पणजोबा कायदेशीर आले’ असं अभिमानाने सांगणाऱ्या गोऱ्या शेजाऱ्यांनाही विचारावं, तेव्हा कायदा काय होता? पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातून न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर उतरायला व्हिसाच लागत नसे. परत पाठवलेल्यांचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होतं. बोटीतून उतरलं, तपासणी झाली, की कायदेशीर. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांनाही कुणी व्हिसा मागितला नाही. मात्र आदल्याच वर्षी चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला होता. कायदेशीर असणं हा माणसाचा गुण आहे की त्या त्या वर्षीच्या कायद्याचा?

आणि नियम करणारे तरी हा ओल्या-सुक्याचा भेद पाळतात का? २० जानेवारी २०२५ ला जन्मसिद्ध नागरिकत्वाविरुद्ध निघालेला आदेश आठवा. वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील आणि आई कागदांशिवाय राहत असेल, तर बाळाला नागरिकत्व नाही. आणि आई तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीर असेल, तरीही नाही. एकाच आदेशात दोघी शेजारी शेजारी. आपण दोन पिढ्या मेहनतीने आखलेली रेघ एका परिच्छेदात पुसली गेली. आदेश न्यायालयांनी अडवला तो कुणाच्या पुण्याईवर? १८९८ साली वाँग किम आर्क नावाचा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला एक चिनी आचारी ‘इथे जन्मलो म्हणून नागरिक’ हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात जिंकला होता, त्याच्या. आपल्यातले किती जण आपल्या मुलांना त्याचं नाव सांगतात?

तिसऱ्या पक्षाकडे वळतो. ‘आम्ही हुशार, आम्ही उपयोगी’ हा युक्तिवाद मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो आपला आहे आणि जुना आहे. भगतसिंग थिंद हा पंजाबी माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. हा नियमच अन्यायी आहे असं म्हणण्याचा मार्ग कदाचित तेव्हा न्यायालयात मोकळा नव्हता. पण थिंदच्या बाजूने जे मांडलं गेलं ते वाचताना आजही घसा कोरडा पडतो: मी उच्चवर्णीय हिंदू आहे, शुद्ध आर्य रक्ताचा आहे, आणि अमेरिकन गोरा लग्नाच्या बाबतीत काळ्या माणसाकडे जसा पाहतो तसाच मी भारतातल्या आदिवासींकडे पाहतो. थोडक्यात, आम्हीही तुमच्यासारखेच भेदभाव करतो, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नाही म्हटलं. मग आधी नागरिक झालेल्या भारतीयांचीही नागरिकत्वं रद्द होऊ लागली. त्यांतल्या वैष्णो दास बगाईंनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. जातीची पताका फडकवून मिळालं काय? खालच्या पायरीवरच्या माणसाला लाथ मारून वरच्या पायरीवर जागा मिळत नाही; वरचा फक्त बघतो की याला लाथ मारता येते.

याच गोष्टीतलं एक पात्र मराठी वाचकाने ओळखीचं करून घ्यावं. थिंदचा वकील होता सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, नाव पक्कं आपल्या वळणाचं. तो १९१४ साली कॅलिफोर्नियात नागरिक झाला होता आणि वकिली करत होता. थिंदचा निकाल लागल्यावर सरकार त्याच्याही नागरिकत्वावर उठलं. आपल्या खटल्यात पंडितने वेगळा सूर लावला. तुमच्या न्यायालयाने मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी वकिली थाटली, घर केलं, संसार मांडला; आता तो शब्द तुम्हाला मागे घेता येणार नाही. १९२६ मध्ये तो अपिलात जिंकला. न्यायालयाने धरलेला मुद्दा तांत्रिक होता: एकदा लागलेला निकाल, सरकारने अपील न करता सोडून दिलेला, पुन्हा उकरता येत नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला आणि उरलेल्या भारतीयांवरचे खटले मागे पडले. वकील तोच. रक्ताच्या शुद्धतेवर हरला आणि दिलेल्या शब्दावर जिंकला. तो जिंकला तेव्हा पंडिताबरोबर दुकानदारही वाचले आणि शेतकरीही. आज ‘आम्ही कर भरतो, आम्ही कंपन्या चालवतो’ म्हणणारे थिंदच्या कागदावर सही करताहेत. उद्या कुणी हिशेब मांडून दाखवला की तुम्ही तितके उपयोगी नाही, तर बोलायला काय उरेल?

आपण ज्या दारातून आलो ते उघडलं कुणी, हेही बघू. १९६५ साली अमेरिकेत भारतीय होते ते मूठभर. त्यांचं मत हलवून कायदा बदलावा अशी त्यांची ताकद नव्हती. त्या कायद्यावर ज्यांचं नाव आहे ते इमॅन्युएल सेलर ब्रुकलिनचे खासदार. निवडून आले १९२२ मध्ये, आणि १९२४ च्या कोटा कायद्याविरुद्ध आपल्या पहिल्याच कारकिर्दीत भाषण केलं. हरले. मग १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा देणाऱ्या कायद्यावरही त्यांचंच नाव, खासदार क्लेअर बूथ लूस यांच्याबरोबर. वर्षाला शंभर! तरी त्या चिमूटभर कायद्यामुळे दलीप सिंग साउंड १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये खासदार म्हणून निवडून आले. सेलर यांना १९२४ चा कायदा मोडायला एकेचाळीस वर्षं लागली. जन्माने अमेरिकन असलेल्या या माणसाची स्वतःची कुठलीही केस अडकलेली नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर गोपाळ कृष्ण गोखले. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात गिरमिटावर, म्हणजे बांधील करारावर, मजूर पाठवणं बंद करण्याचा ठराव त्यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात मांडला, पुढच्या वर्षी ती पाठवणी थांबली. १९१२ मध्ये तब्येत साथ देत नसताना ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले आणि गिरमिट संपलेल्या मजुरांवरच्या तीन पौंडांच्या करावर तिथल्या मंत्र्यांशी बोलले. तो कर त्यांना कधी भरायचा नव्हता. १९१३ च्या नोव्हेंबरात गांधी दोन हजारांवर माणसं घेऊन परवान्याशिवाय शेजारच्या ट्रान्सवाल प्रांताच्या हद्दीत शिरले, तेव्हा त्यांच्या बाजूने तुरुंगात गेलेल्यांत हेन्री पोलाक आणि हर्मान कालेनबाख हे दोन गोरेही होते. त्यांना कुठल्याच हद्दीवर कुणी अडवलं नसतं. आज गांधींचा तो मोर्चा आपण शाळेत अभिमानाने शिकतो. तो स्थलांतराचा कायदा मोडणारा मोर्चा होता, हे मात्र कोजागिरीच्या टेबलावर आठवत नाही.

एक आक्षेप अजून शिल्लक आहे आणि तो मला मनापासून पटतो. एच-वन-बीचा गैरवापर होतो. २०१५ च्या सुमाराला अमेरिकन कर्मचाऱ्यांना काढून, त्यांच्याकडूनच त्यांच्या जागी येणाऱ्यांना काम शिकवून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या माणसांचा अपमान खरा होता. एच-वन-बीसाठी चिठ्ठ्या टाकून निवड करणाऱ्या २०२३ च्या लॉटरीत सुमारे ७ लाख ८० हजार नोंदण्या झाल्या आणि त्यांतल्या चार लाखांवर नोंदण्या एकाच माणसासाठी अनेकांनी केलेल्या. तेव्हा १० डॉलरला एक नोंदणी, लावा पाच कंपन्यांकडून! त्या कंपन्यांचे मालक कोण, हा विषय आपल्यात निघाला की सगळे एकदम दुधातल्या केशराचं कौतुक करू लागतात. पण यावर उपाय काय? पुढच्या वर्षी सरकारने माणूस एकदाच मोजायचा असा नियम केला आणि त्या नोंदण्या धडाधड खाली आल्या. नियम नीट केला की नीट होतो. मालकाला बांधलेला माणूस स्वस्त पडतो तो बांधलेला असतो म्हणून. त्याला नोकरी बदलण्याची मोकळीक द्या, शेजारच्या खुर्चीवरच्या अमेरिकनाचा पगारही सावरेल. १ लाख डॉलरने ही दोरी सुटत नाही. एवढे पैसे ओतलेला मालक गाठ आणखी आवळणार, दुसरं काय?

पुण्यामुंबईत बसून या फर्मानावर संतापलेल्यांनाही एक विचारायचं आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई आणि आसपासच्या भागातून उचललेल्या काही बंगाली मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकललं गेलं. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर कळलं की ते भारताचेच नागरिक. त्यांना परत आणावं लागलं. बेकायदा आलेल्याला शोधण्याचा हक्क भारतालाही आहे, पुन्हा मान्य. पण भाषेवरून माणूस उचलायचा आणि चौकशी मागाहून करायची, हा नियम न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये अन्याय आणि मीरा रोडला बंदोबस्त कसा? त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला बेड्या घालून अमृतसरला उतरवलेल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते. त्यांच्यासाठी तरी किती मराठी आवाज उठले?

कोजागिरीनंतरच्या सोमवारी मी आमच्या खासदाराच्या स्थानिक कार्यालयात फोन केला. इतकी वर्षं इथे राहून पहिल्यांदाच. पहिला प्रश्न आला, तुमचा झिप कोड काय? तो सांगितला. मग पोरसवदा आवाजातल्या त्या मुलीने सवयीने विचारलं, केस नंबर? भारतीय नाव ऐकून तिने बरोबरच अंदाज बांधला होता. आमच्याकडून फोन जातो तो पासपोर्ट अडकला, आईचा व्हिसा नाकारला, यासाठीच. मी म्हटलं, केस नंबर नाही. माझी केसच नाही. नातेवाइकाची? तीही नाही. देशनिहाय मर्यादेबद्दल आणि एकवीस वर्षांच्या मुलांबद्दल माझं मत नोंदवायचं आहे. पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, थांबा हं, त्याचा फॉर्म वेगळा असतो, शोधते.